पासिरिलोचा नर

आमच्या किड्यांच्या संग्रहात लहान-मोठ्या चाळीस हजार कुप्या आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक कुपीतलं अल्कोहोल मांग जुहरींनी निदान दहादा तरी बदललं असेल, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगायचे. 'मांग' म्हणजे आमच्या सुंदा बोलीत काका. मी सुकामानिकच्या या प्रयोगशाळेत नोकरीला लागले तेव्हा त्यांना इथे तेवीस वर्षं झाली होती. किड्याचा मिलिमीटरभर अवयव सुईच्या टोकावर उचलून काचपट्टीवर सरळ निजवणारा असा हात साऱ्या पश्चिम जावात दुसरा नव्हता. लांबलांबची माणसं त्यांच्याकडे नमुने पाठवत आणि मांग जुहरी ते नमुने, फोडणीचा लसूण सोलावा तितक्या सहज, उलगडून ठेवत. कामाच्या वेळी ते बोलत नसत. एरवी मात्र थट्टेखोर. मला ते नेंग, म्हणजे मुली, अशी हाक मारत. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "नेंग, तुमचे हात थरथरतात. प्रेमात आहात की उपाशी?"

मी उपाशी होते.

मी ज्या किड्यांवर काम करते ते सगळ्यांनी पाहिलेले असतात. कुंडी उचलली की तिच्याखाली दिसणारे, राखी रंगाचे, चौदा पायांचे, कायम कुठल्यातरी घाईत असलेले. हे खेकड्या-कोळंबीच्या नात्यातले. कधीकाळी समुद्रातून वर आले आणि ओल्या पाचोळ्यात राहिले. त्यांतले काही पळतात, काही हात लागताच अंगाची गोळी करून पडून राहतात. पाचोळ्याची माती होते ती बरीचशी यांच्यामुळे. माझी आई अजून विचारते, एवढं शिकून तू नक्की कुणाच्या उपयोगी पडतेस. तिला मी केळीच्या बुंध्याशी नेऊन दाखवलंय, पण तिला ते पटत नाही.

आम्हा सुंदा लोकांत आडनाव नसतं. माझं नाव रेंगगानिस, तेवढंच. किड्यांना मात्र शास्त्रात आडनाव लागतं आणि ते आधी लिहितात. ते वंशाचं नाव. त्याच्या पुढे जातीचं. एका वंशात कोण बसणार आणि कोण नाही, हे ठरवणं माझं काम. पळणाऱ्यांचे वंश वेगळे, गोळी होणाऱ्यांचे वेगळे, आणि त्या दोन्हींच्या आत पुन्हा भांडणं. वरून सगळे सारखेच दिसतात. खरा निवाडा नराच्या पोटाखालच्या एका इवल्या जोडीवर होतो. माद्यांसाठी असलेला तो अवयव प्रत्येक वंशात वेगळ्या घडणीचा असतो. आम्ही त्याला नुसतं 'तुकडा' म्हणतो.

पासिरिलो हा वंश एकतीस वर्षांपूर्वी प्रोफेसर सास्मितांनी उभा केला. पासिर लियांग नावाच्या चुनखडीच्या डोंगरावर त्यांना गोळी होणारे किडे मिळाले. त्यांत नर एकच होता, बाकी साऱ्या माद्या. त्या एका नराचा तुकडा मागे वळलेला होता, आकड्यासारखा, आणि आकड्याच्या आतल्या कडेला कंगव्यासारखे सात दात. गोळी होणाऱ्या कुठल्याच किड्यात असं काही कुणी पाहिलं नव्हतं. प्रोफेसरांना आम्ही पाक, म्हणजे सर, म्हणतो. पाक सास्मितांनी काढलेलं त्याचं चित्र अतिशय देखणं आहे. त्या चित्रावर हा वंश उभा राहिला, आणि पुढे ज्याला जे कुठे बसवता येईना ते त्याने पासिरिलोत बसवलं. माझ्यापर्यंत येईतो त्यात अकरा जाती झाल्या होत्या आणि बहुतेक सगळ्या नुसत्या माद्यांवरून लिहिलेल्या.

हा पसारा आवरायचं मी तीन वर्षांपूर्वी मनावर घेतलं. पासिर लियांगवर जाऊन गोळी होणारे चाळीसेक नर आणले. मांग जुहरींनी ते उलगडले. प्रत्येकाचा तुकडा सरळ, टोकदार, साधा. आकडा नाही, दात नाहीत. मग मी मूळ काचपट्टी कपाटातून काढली. तिच्यावरचं द्रावण केव्हाच खड्यांसारखं गोठलेलं होतं आणि आत तपकिरी डागापलीकडे काही दिसत नव्हतं. मला एकच अर्थ लागला. द्रावणात तेव्हाच खडे धरायला लागले असणार आणि प्रोफेसरांनी त्या खड्यांनाच दात समजून चित्र काढलं असणार. मी तसं लिहिलं. शब्द सभ्य होते, 'निरीक्षणातील त्रुटी' वगैरे, पण अर्थ हाच की माणसाने नसलेलं पाहिलं. रीत म्हणून मसुदा पाक सास्मितांना पाठवला. ते ब्याऐंशीचे आहेत, गावाबाहेर राहतात. तीन आठवडे त्यांचं उत्तर आलं नाही.

हे मी मांग जुहरींना सांगितलं ते अगदी सहज, चहा पिताना. त्यांनी विचारलं होतं की त्या जुन्या काचपट्टीचं काय केलंत, परत जागेवर ठेवू का. मी म्हटलं, ठेवा, तिचं काम झालं, आणि मसुद्यात काय लिहिलंय ते सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"तुम्ही ते पाकना पाठवलंत?"

"तीन आठवडे झाले."

ते उठले. काचपट्टी जागेवर ठेवली, हात धुतले आणि दुपारच्या नमाजाला गेले. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. मला वाटलं, ताप-बीप आला असेल. तिसऱ्या दिवशी आले ते सरळ माझ्या टेबलाशी. इस्त्रीचा बाटिक शर्ट घातला होता. तो ते एरवी लग्नाला घालतात.

"नेंग," ते उभ्यानेच म्हणाले, "पाकचं चित्र चुकीचं नाही. तो तुकडाच त्या किड्याचा नव्हता."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

ते सत्तावीस वर्षांचे असताना ही गोष्ट घडली होती. नोकरी पक्की झालेली नव्हती आणि घरी पहिलं मूल यायचं होतं. पाक सास्मितांनी त्यांच्या हाती तो एकुलता एक नर दिला आणि तुकडा काढायला सांगितलं. डावा काढताना फाटला. उजवा काढताना सुईवरून उडाला आणि कुठे गेला ते सापडलंच नाही. दोन तास ते गुडघ्यांवर बसून फरशी शोधत होते. त्याच डोंगराची, त्याच दिवसाची दुसरी एक कुपी टेबलावर होती, चपट्या, पळणाऱ्या किड्यांची. त्यांना तेव्हा वाटलं, किडा म्हणजे किडा. त्यांतल्या एका नराचा तुकडा त्यांनी काढला, अगदी नीट काढला, आणि काचपट्टीवर ठेवला. पाक सास्मितांनी डोळा लावला आणि बराच वेळ हललेच नाहीत. मग म्हणाले, जुह, असं काही मी जन्मात पाहिलं नाही.

"त्या क्षणी सांगायला हवं होतं," मांग जुहरी म्हणाले. "पण ते इतके खूश होते. मी म्हटलं उद्या सांगू."

त्या उद्याला एकतीस वर्षं लागली. मध्ये वंशाला नाव मिळालं, त्यांची नोकरी पक्की झाली, मुलगी जन्मली, तिचीही दोन मुलं शाळेत जायला लागली. मी विचारलं, ती दुसरी कुपी कुठे आहे. ते खालच्या कपाटाकडे गेले आणि मागच्या रांगेतून एक कुपी घेऊन आले. तिच्यातलं अल्कोहोल कधीच उडून गेलं होतं. तळाशी तंबाखूच्या चुऱ्यासारखं काहीतरी होतं.

"ही एकच मी पुन्हा कधी भरली नाही," ते म्हणाले. "फेकवतही नव्हती आणि बघवतही नव्हती."

मला त्यांचा राग आला होता की कीव, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तीन वर्षं मी चुकीच्या वाटेने चालले होते आणि ते रोज सकाळी समोरच्या टेबलावर बसून मला सरळ, टोकदार तुकडे काढून देत होते. मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, हो. त्या उत्तरावर पुढे भांडणार तरी कसं? मग मला माझा मसुदा आठवला. चूक त्यांची होती, पण एका म्हाताऱ्या माणसाला 'तुला दिसतच नव्हतं' असं लिहून कळवणारी मी होते.

आम्ही त्याच दुपारी पाक सास्मितांकडे गेलो.

ते मागच्या अंगणात ताडपत्रीच्या हौदातल्या माशांना खाणं टाकत होते. अंगात बनियन, कमरेला सारोंग. मला पाहून म्हणाले, "ये, नेंग. वाचला तुझा मसुदा. तीस वर्षांनी का होईना, चष्मा बदला म्हणून कुणीतरी सांगितलं."

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि माझ्या मागे पाहिलं. "आणि याला का आणलंस लग्नाच्या कपड्यांत?"

मांग जुहरींनी सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. मध्ये एकदाही त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही, पहिल्या मुलाचंही नाव काढलं नाही. पाक सास्मितांचा खाण्याचा डबा हातातच राहिला. मासे तोंडं वर काढून वाट पाहत होते.

"परत सांग," ते म्हणाले.

मांग जुहरींनी परत सांगितलं.

"तो नर शोधायला मी चार वेळा तो डोंगर चढलो, जुह."

"हो, पाक."

"चौथ्या वेळी माझी पिशवी तुझ्या खांद्यावर होती."

"हो."

"खिंडीत मला चक्कर आली. पाणी तू पाजलंस."

मांग जुहरींनी नुसती मान हलवली. पाक सास्मितांनी डबा हौदाच्या काठावर ठेवला आणि घरात गेले. त्यांच्या पत्नी बाहेर आल्या, आमच्यापुढे नारळाच्या दुधाचं गरम बाजिगुर आणि वाफवलेली केळी ठेवून म्हणाल्या, बसा, ते असेच आहेत. आम्ही बसलो. नारळाच्या दुधावर साय धरली तरी दोघांनीही पेल्याला हात लावला नव्हता. असरची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली. मांग जुहरी कोपऱ्यात जाऊन नमाज पढून आले. तेवढ्या वेळात मी हौदातले मासे मोजायचा प्रयत्न केला आणि तीनदा चुकले.

पाक सास्मिता बाहेर आले ते शर्ट घालून, हातात एक जुनी वही घेऊन. वहीत तेच चित्र होतं, छापून येण्याआधीचं, पेन्सिलीतलं. काचपट्टी तीन-चार वर्षांतच गोठली होती, ते सांगू लागले, माझ्याकडे न बघता. डोंगरावर पुन्हा तसा नर मिळेना. मिळायचे ते सगळे साध्या तुकड्याचे. प्रत्येक वेळी ते खाली आल्यावर स्वतःच्याच चित्राकडे पाहायचे आणि वाटायचं, मी हे रचलं तर नाही ना? हळूहळू त्यांनी नवे किडे लिहिणं सोडून दिलं. वर्गात शिकवत राहिले. लोकांना वाटलं, वय झालं. तेव्हा ते पंचावन्नचे होते.

"दुसऱ्या कुपीत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"पळणारे, पाक. चपटे. फिकट कडेचे."

"म्हणजे तो तुकडा कुणाचा तरी आहे."

"हो."

"म्हणजे मी पाहिलं ते होतं."

"होतं, पाक. मी आधी पाहिलं होतं. सात दात होते."

पाक सास्मितांनी वही मिटली. "जुह, माझा राग आज जाणार नाही. उद्याही जाईलसं वाटत नाही. पण तो किडा शोधायला हवा." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या गाडीत पुढे पाय लांब करता येतात का? माझा गुडघा वाकत नाही."

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं निघालो. पाक सास्मिता पुढे, पाय लांब करून. मांग जुहरी मागच्या सीटवर चाळण्या आणि कुप्यांच्या खोक्याला धरून. पासिर लियांगच्या पायथ्याशी चेउ ईचिह राहते; चेउ म्हणजे अक्का. लवंगा आणि वेलदोडे पिकवते. डोंगरावर जाणारा प्रत्येक माणूस तिच्या ओट्यावरूनच जातो आणि ती प्रत्येकाला काहीतरी सुनावते. पाक सास्मितांना पाहून तिने डोळे बारीक केले.

"अरे, हे तर किडेवाले पाक. मला वाटलं, तुम्ही गेलात."

"बोलावणं आलं नाही अजून," पाक सास्मिता म्हणाले.

"मागच्या वेळी न जेवता गेला होतात. माझ्या भाताचा अपमान करून. आज जेवल्याशिवाय हलू देणार नाही."

त्यांना तिच्या ओट्यावर बसवून आम्ही दोघं वर चढलो. जानेवारी महिना, सगळं ओलंचिंब, दगडांवर शेवाळ. सकाळभर आम्ही पाचोळा चाळला, दगड उलटे केले. गोळी होणारे हवे तितके मिळाले. चाळणीत मिऱ्यांसारखे गडगडत होते. गोगलगायी मिळाल्या, विंचू मिळाला, मांग जुहरींच्या पोटरीला जळू लागली. चपटा, पळणारा, फिकट कडेचा एकही नाही. जुन्या कुपीच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या खिंडीपर्यंत जाऊन आलो. माझ्या मनात यायला लागलं की एकतीस वर्षं हा मोठा काळ आहे. डोंगराच्या दक्षिणेकडे रस्ता झालाय, झाडं गेलीत, तो किडाही गेला असेल. उतरताना दोनदा मांग जुहरींचा पाय घसरला.

खाली चेउ ईचिहने चटई टाकली होती. पानात गुंडाळलेला भात, शेंगदाण्याच्या आंबवलेल्या पेंडीचा तळलेला ओन्चोम, सांबलची तिखट चटणी आणि कच्च्या पाल्याची टोपली. जेवायच्या आधी हातपाय धुवायला आम्ही घरामागे गेलो. तिथे झऱ्याचं पाणी बांबूच्या पन्हळीतून खाली दगडावर पडतं आणि बाजूला बांबूची जुनी पानं कुजून हातभर थर झालेला आहे. मांग जुहरींनी पन्हळीखाली पाय धरला आणि ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, जळवेची जखम दुखतेय.

"नेंग," ते म्हणाले, "दुसरी कुपी मी भरली होती."

"माहीत आहे."

"नाही, ऐका. पाक वर होते. मला त्यांनी सांगितलं होतं की दुसरी कुपी खिंडीतून भरून आण. मी दमलो होतो. मी इथे आलो, पाय पाण्यात सोडून बसलो आणि बसल्या जागी कुपी भरली. चिठ्ठीवर खिंड लिहिलं."

हे ते विसरूनच गेले होते. मोठी चूक इतकी वर्षं उराशी बाळगली होती की तिच्या मागे ही बारीकशी लबाडी दिसेनाशी झाली होती. त्यांनी पाय बाहेर काढला, उकिडवे बसले आणि बांबूच्या पानांचा वरचा थर हाताने सारला. खालून सात-आठ किडे एकदम सुटले. चपटे, तांबूस, अंगाला फिकट झालर, आणि असे पळत की चिमटा उघडेपर्यंत दिसेनासे होत. त्यांच्यातल्या एकानेही गोळी केली नाही.

आम्ही दोघांनी भाताकडे पाठ फिरवून दीड तास ते पकडले. ओट्यावरून चेउ ईचिह ओरडत होती की म्हाताऱ्याला उपाशी ठेवून ही माणसं उकिरडा काय उपसतायत. शेवटी पाक सास्मिता तिच्या खांद्याला धरून स्वतः मागे आले. मांग जुहरींनी कुपी त्यांच्या हातात दिली आणि कुठे मिळाले ते सांगितलं, खिंडीच्या चिठ्ठीसकट. पाक सास्मिता कुपी डोळ्यांशी धरून ऐकत होते.

"म्हणजे एक नाही, दोन लबाड्या," ते म्हणाले.

"दोन, पाक."

"तिसरी असेल तर आत्ताच सांग. सारखं सारखं गाडीत बसणं मला जमत नाही."

चेउ ईचिह हसली. मांग जुहरी हसले नाहीत, पण त्यांचे खांदे थोडे खाली आले. मग आम्ही जेवलो. पाक सास्मितांनी दोनदा भात घेतला.

सोमवारी सकाळी ते दोघेही माझ्या आधी प्रयोगशाळेत हजर होते. मांग जुहरींनी एक नर निवडला, उताणा केला आणि सुई उचलली. त्यांचा हात थरथरत होता. माझ्या इतक्या वर्षांत मी तो थरथरताना पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी सुई खाली ठेवली. पाक सास्मिता समोरच्या खुर्चीत बसून होते. ते म्हणाले, "घाई नाही. फाटला तर सांग. दुसरा घेऊ. आज तीस आहेत आपल्याकडे."

मांग जुहरींनी परत सुई घेतली. तुकडा आला, अखंड. काचपट्टीवर थेंबात निजवला, वर काच ठेवली आणि मायक्रोस्कोप पाक सास्मितांकडे सरकवला. त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला, चाक थोडं फिरवलं. मी आणि मांग जुहरी शाळेतल्या मुलांसारखे टेबलाशी उभे होतो. ते ओठांतल्या ओठांत मोजत होते.

"सात," ते म्हणाले. मग पुन्हा मोजले. "सात. मी सातच काढले होते."

ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. शेवटी डोळे पुसून त्यांनी मला बोलावलं, आणि मी ते पाहिलं: मागे वळलेला आकडा, काचेसारखा पारदर्शक, आतून कंगवा. वहीतल्या चित्राशी रेघन् रेघ जुळत होता.

आता नियम असा आहे की नाव धडाला चिकटतं. मूळ नमुन्यात दोन किड्यांचे अवयव मिसळलेले निघाले तर परका अवयव बाजूला काढायचा, आणि नाव उरलेल्या अंगाकडे राहतं. म्हणजे पासिरिलो हे नाव गोळी होणाऱ्यांकडेच राहिलं आणि तिथे त्याचा टिकाव लागला नाही; साध्या, सरळ तुकड्याचे ते किडे एका जुन्या वंशात जाऊन बसले. पाक सास्मितांनी उभा केलेला एकमेव वंश असा मिटला. मला वाटलं होतं, त्यांना लागेल. ते म्हणाले, "मिटू दे. तो नव्हताच." पण ते खूश होते पळणाऱ्यांवर. कारण आकड्याचा आणि सात दातांचा तुकडा आता खऱ्या मालकाकडे गेला होता आणि तो मालक कुठल्याच माहीत असलेल्या वंशात बसत नव्हता.

नव्या वंशाला मांग जुहरींचं नाव द्यावं असं मी सुचवलं. ते लगेच नको म्हणाले. लबाडीला आपलं नाव लागलेलं नातवंडांनी वाचावं अशी त्यांची इच्छा नव्हती. पाक सास्मितांनी माझं नाव सुचवलं. तेव्हा मी नको म्हटलं. शेवटी आमच्या बोलीत पळण्याला लुंपात म्हणतात, त्यावरून नाव केलं. चेउ ईचिहला कळवलं तर ती म्हणाली, एवढ्यासाठी तीन माणसं लागली?

खरी ओढाताण एका वाक्यावरून झाली. मूळ काचपट्टीवर परका अवयव कसा आला, हे निबंधात लिहायला हवं होतं. मी 'तयारीच्या वेळी मिसळला' एवढंच लिहिलं. मांग जुहरींनी ते खोडून स्वतःचं नाव घातलं, तारखेसकट. पाक सास्मितांनी ते खोडून लिहिलं की प्रयोगशाळा माझी होती, जबाबदारी माझी. कागद चार-पाच वेळा फिरला. शेवटी दोन्ही वाक्यं एकाखाली एक छापून आली. मांग जुहरींनी कार्यालयाला वेगळं पत्रही दिलं. त्यांना निवृत्तीला सहा महिने उरले होते. झोप उडाली होती बिचाऱ्यांची. कार्यालयाने लेखी ताकीद दिली, ती त्यांच्या फाइलला लावली, आणि ठरल्या दिवशी रीतीप्रमाणे पिवळ्या भाताचा शंकू मांडून निरोप दिला. पाक सास्मिता निरोपाला आले होते. शंकूचं मानाचं टोक मांग जुहरींनी कापून त्यांच्या पानावर वाढलं. त्यांनी ते खाल्लं, पण भाषण करायला सांगितलं तर नाही केलं. त्यांचा राग गेलाय असं मी म्हणणार नाही. मात्र आता ते मांग जुहरींना फोन करतात. मधली कित्येक वर्षं करत नव्हते.

पासिरिलोच्या अकरा जातींपैकी सात आता जागेवर लागल्या आहेत. पाच त्या जुन्या वंशात गेल्या. दोन एका तिसऱ्याच वंशातल्या निघाल्या आणि तिथे त्यांना आधीच नावं होती. उरलेल्या चारांच्या नुसत्या माद्या आहेत. त्यांचे नर कुणी पाहिलेले नाहीत. एक पूर्वेकडच्या बेटावरची आहे, निळसर, पाठीवर बारीक काट्यांची. पाक सास्मितांचा कालच फोन आला. ते तिचं जुनं वर्णन वाचत होते आणि त्यांच्या मते ती गोळी होत असली तरी डोकं पळणाऱ्यांचं आहे. मी म्हटलं, असं कसं होईल. ते म्हणाले, मला दिसतंय, नेंग, येऊन बघ.

मांग जुहरींना विचारलं तर ते उद्या सकाळी येतो म्हणाले. त्यांची सुई आहे तिथेच, पहिल्या खणात.